माळवदाखालची कचेरी : कमलनगर परिसरातील वाड्यांचा पुनर्विचार

जुन्या वाड्यांविषयी मराठीत जे लिहिले जाते त्याचे दोन सूर आता ठरून गेले आहेत. एक हळहळीचा आहे. त्यात कोरीव खांब, दिंडी दरवाजा, चौकातली तुळस आणि गेलेले वैभव यांची उजळणी होते आणि शेवटी वारसांच्या उदासीनतेला बोल लावला जातो. दुसरा सूर रागाचा आहे. त्यात वाडा म्हणजे सरंजामी जुलमाचे ठाणे, तो पडला तर बरेच झाले, असे सांगितले जाते. वरवर हे सूर एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण वाडा म्हणजे एका मातबर घराण्याचे मोठे घर, ही समजूत दोहोंच्या बुडाशी सारखीच आहे. एकाला त्या घराचे कौतुक वाटते आणि दुसऱ्याला त्याची चीड येते, एवढाच काय तो फरक.

कमलनगर, औराद, भालकी, उदगीर, देवणी या पट्ट्यातील, म्हणजे जुन्या बिदर जिल्ह्याच्या आज कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यात विभागल्या गेलेल्या भागातील वाडे आणि गढ्या पाहिल्या तर ही समजूत उथळ ठरते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे आहे, की या प्रदेशातील वतनदाराचा वाडा ही आधी कचेरी व कोठार होती आणि मग घर होते. त्याची रचना राहणाऱ्यांच्या हौसेने नव्हे तर वसुली, हिशेब, निवाडा आणि साठवण या कामांनी ठरवली. ती रचना उभी ठेवण्यासाठी दरवर्षी गावाचे सक्तीचे श्रम लागत. आणि ते काम व ते श्रम ही दोन्ही काढून घेतली गेल्यावर वाडा पडणे अटळ होते. हे मान्य केले, तर वाड्याचे जतन म्हणजे काय याचे उत्तरही बदलावे लागते.

१. राज्ये बदलली, वतन टिकले

पहिली पायरी इतिहासाची. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहा वलीने बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली. बहमनी सत्तेनंतर बरीदशाही आली, १६१९ मध्ये बिदर विजापूरच्या आदिलशाहीत गेले, १६५७ मध्ये औरंगजेबाने ते जिंकले, १७२४ पासून आसफजाही म्हणजे निजामाचा अंमल सुरू झाला आणि तो सप्टेंबर १९४८ पर्यंत चालला. तख्तावर एवढी उलथापालथ होत असताना परगण्याच्या पातळीवरची माणसे मात्र फारशी बदलली नाहीत. परगण्याचा वसुली प्रमुख देशमुख, त्याचे दफ्तर सांभाळणारा देशपांडे, गावपातळीवर पाटील आणि कुलकर्णी, ही पदे वंशपरंपरेने चालत, आणि पदाबरोबर मिळणाऱ्या हक्कांना व जमिनीला मिळून वतन म्हणत.

वतनदार आणि जहागीरदार यांची येथे गल्लत होऊ नये. जहागीर ही राज्यकर्त्याने सेवेच्या मोबदल्यात नेमून दिलेली महसुलाची वाटणी असे, आणि दरबारच्या मर्जीने ती बदलू किंवा जाऊ शके. चंद्रसेन जाधव १७११ मध्ये शाहू महाराजांचा पक्ष सोडून पुढे निजाम उल्मुल्काकडे गेला तेव्हा त्याला भालकीची जहागीर मिळाली, हे या भागातले ठळक उदाहरण आहे. जहागीरदाराची नजर दरबाराकडे असे, वतनदाराची गावाकडे. नवा सुभेदार आला की कोणते शेत कोणाचे, कोणाची बाकी किती, पाण्याचा वाद मागे कसा मिटला, हे त्याला वतनदाराच्या दफ्तरातूनच कळे. राज्य फिरते आणि दफ्तर स्थिर, अशा व्यवस्थेत दफ्तर ठेवण्याची जागा पक्की, बंदिस्त आणि आगीपासून व लुटीपासून शक्य तितकी सुरक्षित असावी लागते. वाडा उभा राहिला तो या गरजेतून.

२. पेशवाईची नक्कल?

वाडा म्हटले की शनिवारवाडा आठवावा, आणि मग सीमाभागातील प्रत्येक वाडा त्याची गरीब नक्कल ठरावा, ही सवय मराठी वाचकाला शाळेपासून लागलेली असते. कालक्रम तिला आधार देत नाही. शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला. बिदरच्या किल्ल्यातील रंगीन महालाचे कोरीव लाकडी खांब अली बरीदच्या काळातले, म्हणजे १५४२ ते १५८० या दरम्यानचे, अर्थात दीडशे वर्षांनी जुने आहेत. दगडी उथळ्यावर उभा केलेला लाकडी खांब आणि त्यावर पेललेली तुळई ही रीत या मुलखात पेशव्यांच्या आधीपासून रुजलेली होती. याहून अधिक वेळ या मुद्द्यावर घालवण्याचे कारण नाही.

३. दारापासून माजघरापर्यंत : रचनेचा पुरावा

आता खुद्द इमारत पाहावी. गढी आणि वाडा यांत फरक एवढाच, की गढीला उंचवटा, बुरूज आणि जाड तट असतो, आणि त्या तटाच्या आत वाडा असतो. दोहोंची आतली मांडणी मात्र एकाच तर्काने चालते : आत येणाऱ्याला किती आत येऊ द्यायचे.

मोठ्या दरवाजाला मागून अडसर असतो, म्हणजे भिंतीच्या पोकळीतून ओढून आडवा बसवायचा जाड लाकडी वासा. दरवाजातच एक छोटी दिंडी असते, जिच्यातून एका वेळी एकच माणूस, तोही मान वाकवून, आत येऊ शकतो. दरवाजाच्या आत दोन्ही अंगांना उंच ओटे असलेली जी आच्छादित जागा असते तिला ढेळज म्हणतात. बहुसंख्य गावकऱ्यांसाठी वाडा इथेच संपत असे. वसुलीचा तगादा, बाहेरगावच्या जासुदाचा मुक्काम, राखणदाराची झोप, सारे ढेळजेत. तिच्यापुढे चौक आणि चौकाला लागून सदर, म्हणजे समोरून उघडी, जोत्यावर उंच उचललेली बैठक. निवाडा सदरेवर होई आणि फिर्यादी चौकात उभा असे; बसणाऱ्याची नजर उभ्या माणसाच्या नजरेच्या बरोबरीला यावी एवढी जोत्याची उंची ठेवलेली दिसते. हा तपशील योगायोगाचा नाही.

सदरेच्या मागच्या किंवा बाजूच्या खोलीत दफ्तर असे. कागद कपड्यात गुंडाळून बांधत आणि त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. परगण्याचा हिशेब मोडी लिपीतल्या मराठीत, वरिष्ठांशी व्यवहार फारसीत आणि १८८४ नंतर उर्दूत, असा त्या रुमालांचा दुभाषी संसार होता. दफ्तराच्या पलीकडे उंबरा, उंबऱ्यापलीकडे माजघर, देवघर, स्वयंपाकघर. चौक दोन असले तर बाहेरचा कचेरीचा आणि आतला घराचा. चौक एकच असला तर पडवीत पडदा किंवा जाळी. घरातल्या स्त्रियांचा वावर ज्या भागात, तेथे बाहेरच्या भिंतीला खिडकी जवळपास नसते आणि उजेड छतातल्या साण्यातून, म्हणजे झाकता येणाऱ्या झरोक्यातून, उतरतो. या अंधाराचे ‘उन्हाळ्यात थंडगार’ असे कौतुक पर्यटनाच्या पुस्तिकांत वाचायला मिळते. त्या अंधारात ज्यांनी आयुष्य काढले त्यांना कोणी विचारलेले नसते.

मोजमाप केले तर दिसते, की ढेळज, चौक, सदर, दफ्तर आणि कोठार यांनी वाड्याचा मोठा हिस्सा व्यापलेला आहे आणि निजण्याबसण्याच्या खोल्या त्या मानाने लहान व कोंदट आहेत. ऐषारामासाठी बांधलेल्या घरात जागेची वाटणी अशी होत नाही.

४. धान्य : खरी तिजोरी

कोठाराचा वेगळा विचार केला पाहिजे, कारण नक्षी पाहणाऱ्यांची नजर तिथवर पोचत नाही. बळद म्हणजे दोन भिंतींमधली दार नसलेली कोंडी; धान्य वरून, माळ्यातल्या तोंडातून ओतायचे आणि खालच्या लहान भोकातून लागेल तसे काढायचे. पेव म्हणजे जमिनीत खणलेली, तळाला आणि अंगाला कडबा-भुसा लावलेली धान्याची खोल विहीर. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. साठलेल्या धान्यातून निघालेल्या वायूने माणूस गुदमरून मरे, म्हणून तोंड काही काळ उघडे ठेवून आधी दिवा सोडून पाहत.

ज्वारीचे हे साठे कुटुंबाच्या पोटापुरते नव्हते. वसुलीचा धान्यातला वाटा, वतनाच्या जमिनीचे पीक आणि कर्जफेडीचे धान्य तेथे जमा होई, आणि पेरणीच्या तोंडावर तेच धान्य बी म्हणून सवाई-दिढीने, म्हणजे सुगीला सव्वापट किंवा दीडपट परत करण्याच्या बोलीने, कुणब्याला दिले जाई. दुष्काळात हेच पेव गावाला जगवी आणि हेच पेव गावाला कायमचे बांधून टाकी. परोपकार आणि पिळवणूक या दोन शब्दांत ही व्यवस्था सरळ वाटता येत नाही. वाड्याची भिंत जाड आहे ती तोफेला तोंड देण्यासाठी नाही, मातीची गढी तोफेपुढे टिकत नसे. तिचा उपयोग दरोडेखोर, पेंढारी आणि उपाशी जमाव यांच्यापासून धान्य व कागद राखण्यापुरता होता.

५. माळवद आणि वेठ

प्रतिपादनाचा गाभा मात्र छतात आहे. या भागातील वाड्यांना उतरते कौलारू छप्पर सहसा नसते, सपाट मातीचे छत असते. त्याला माळवद म्हणतात. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर खेटून बसवलेले किलचन म्हणजे लाकडाचे चिरलेले तुकडे, त्यावर पाला किंवा तुराट्या, त्यावर चिखलाचा थर आणि सर्वांत वर ठोकून बसवलेली पांढरी माती. चार खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि घराचे माप खणांत सांगत. पांढरी मातीच का, याला कारण आहे : शेतातली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते, गावठाणातली खारट पांढरी माती मात्र भिजली की लिंपल्यासारखी बसते आणि पाणी पन्हाळाकडे वाहू देते.

असे छत एकदा बांधून भागत नाही. दर उन्हाळ्याच्या अखेरीस, मृगाच्या आधी, उगवलेले गवत उपटणे, झिजलेली माती खरवडणे, नवी माती खणून, वाहून, पसरून ठोकणे, पन्हाळे मोकळी करणे ही कामे करावीच लागतात. एक पावसाळा चुकला तर पाणी किलचनात मुरते. दोन-तीन चुकले तर कड्या कुजतात. लहान घराचे हे काम घरची माणसे उरकतात. वीस-तीस खणांच्या वाड्याचे माळवद म्हणजे असंख्य पाट्या माती, आणि ती वाहणारे हात बाजारभावाने मजुरी घेणारे नव्हते. बलुत्याच्या बदल्यात सुतार कड्या बदलून देई, आणि माती खणण्या-वाहण्याचे काम गावातल्या खालच्या मानलेल्या जातींकडून वेठीने, म्हणजे विनामोबदला सक्तीने, करून घेतले जाई. ज्यांनी माती वाहिली त्यांच्यापैकी बहुतेकांना ढेळजेच्या पुढे पाऊल टाकता येत नसे.

याचा अर्थ असा, की वाडा ही एकदा बांधून पूर्ण झालेली वस्तू नव्हती. ती दरवर्षी गावाच्या श्रमांतून नव्याने उभी केली जाणारी वस्तू होती. तिचे टिकणे हे कारागिरीइतकेच सक्तीवर अवलंबून होते. हळहळीचा सूर हे विसरतो. आणि रागाचा सूर हे विसरतो, की त्या मातीत, त्या ठोकणीत आणि त्या पन्हाळांच्या उतारात जे ज्ञान होते ते वाड्याच्या धन्याचे नव्हतेच, राबणाऱ्यांचे होते.

६. पडझडीचा खरा क्रम

वारस शहरात गेले आणि वाडे ओस पडले, असे सर्रास सांगितले जाते. यात कारण आणि परिणाम यांची उलटापालट आहे. आधी वाड्याचे काम गेले, मग माणसे गेली.

पहिला घाव सालारजंगाचा. १८५३ ते १८८३ या काळात हैदराबादचा दिवाण असलेल्या पहिल्या सालारजंगाने १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली, म्हणजे राज्याची जिल्हे-तालुके अशी नवी वाटणी करून पगारी अंमलदारांकडून वसुली सुरू केली. देशमुख-देशपांड्यांकडून वसुलीचे काम काढून घेतले गेले आणि भरपाई म्हणून त्यांना रुसूम नावाची वार्षिक नेमणूक मिळाली. सदर रिकामी झाली ती तेव्हा. मान उरला, जमीन उरली, पण कचेरी तहसिलात गेली. दुसरा घाव निजामाचा अंमल संपवणाऱ्या पोलीस कारवाईनंतरचा : १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने जमिनीचा पाया हलला, पुढे इनामे आणि गावची वंशपरंपरागत पदेही गेली. वेठ देणारा माणूस आता वेठ देईना, आणि त्याने का द्यावी? पगार देऊन माळवद राखणे कोणत्याही घराला परवडणारे नव्हते.

तिसरा घाव या सीमाभागाचा खास आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. बिदर, भालकी, हुमनाबाद आणि औराद हा भाग म्हैसूरमध्ये, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला; उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात; जहीराबाद आणि नारायणखेड आंध्र प्रदेशात. औरादमधून अलीकडे वेगळा झालेला कमलनगर तालुका या रेषेला अगदी चिकटून आहे. ज्या परगण्यांच्या हिशेबासाठी हे वाडे होते त्यांचा मुलूखच दुभंगला. पुढच्या पिढ्या कन्नड किंवा मराठी शाळेत शिकल्या. मोडी वाचणारे संपले, उर्दू वाचणारे कमी झाले, आणि रुमालांतले कागद घरच्याच माणसांना परके झाले.

पडलेल्या गढीचे पुढे काय होते, हेही सांगण्यासारखे आहे. तिची पांढरी माती गावकरी पाट्या भरभरून आपापल्या माळवदांवर नेतात. मराठवाड्यात आणि या सीमाभागात कितीतरी गढ्या अशा रीतीने हळूहळू गावात विरघळल्या. याला नासधूस म्हणावे की परतफेड, याचा निर्णय घाईने करू नये.

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप : वाडा जर सक्तीच्या श्रमावर उभा होता, तर त्याच्या जतनाचा आग्रह धरणे म्हणजे अन्यायाचे स्मारक उभारणे नव्हे काय? या प्रश्नाला इतर देशांनी दिलेली उत्तरे पाहण्याजोगी आहेत. वेल्समधील पेन्रिन हा एकोणिसाव्या शतकातला प्रचंड वाडा जमैकातील उसाच्या मळ्यांवरील गुलामांच्या श्रमांतून आणि स्थानिक पाटीच्या दगडाच्या खाणींतून आलेल्या पैशावर उभा राहिला. त्याच खाणींत १९०० ते १९०३ असा तीन वर्षांचा कडवा संप झाला. वेल्समधलेच एर्डिग हे सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले घर १९७३ मध्ये नॅशनल ट्रस्ट या जतन करणाऱ्या संस्थेकडे आले, तेव्हा खालच्या कोळसा खाणीमुळे ते खचले होते. त्याच्या मालक घराण्याने नोकरचाकरांची चित्रे काढून, त्यांवर पद्ये लिहून पिढ्यान्‌पिढ्या जपली होती, आणि लोकांना ते घर दाखवताना प्रवेश नोकरांच्या अंगणातून ठेवण्यात आला. नोकरांवर पद्ये लिहिल्याने त्यांचा पगार वाढला नसेल, हे खरे. पण घर कोणत्या दाराने दाखवायचे याला अर्थ असतो. स्मारक कोणाचे करायचे हे इमारत ठरवत नाही, ते दाखवणारे ठरवतात. वाडा पाडल्याने वेठ झालीच नव्हती असे होत नाही, उलट तिचा एकमेव ठोस पुरावा नाहीसा होतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगड-मातीच्या घरांखाली गाडली गेली. तेव्हापासून या सगळ्या टापूत माळवदाची धास्ती बसली, आणि पत्रा व सिमेंट यांचे राज्य सुरू झाले. ही धास्ती खोटी नाही. जाड छताचे ओझे आणि आतून-बाहेरून वेगवेगळ्या रचलेल्या, आरपार दगड न घातलेल्या भिंती हे मिश्रण प्राणघातकच होते. पण त्यातली एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. खणाच्या जुन्या बांधणीत छताचा भार लाकडी सांगाड्यावर असतो, भिंत फक्त आडोसा असते. लाकूड महागल्यावर खांब गाळून तुळया थेट भिंतीवर टेकवल्या गेल्या. आणि माती खरवडून काढण्याचे कष्ट टाळण्यासाठी जुन्या थरावर नवा थर दरवर्षी चढवला गेला, त्यामुळे छते हातभर आणि त्याहूनही जाड झाली. म्हणजे मारक ठरली ती निगा सुटल्यानंतर उरलेली बांधणी. श्रमांची जुनी व्यवस्था मोडली, तिच्या जागी नवी न्याय्य व्यवस्था आली नाही, आणि मधल्या काळाची किंमत गरिबांनी मोजली. यावरून माळवद पुन्हा सुरू करावे असे अनुमान काढणे मूर्खपणाचे होईल. पण जुनी बांधणी अडाणी होती, हा निष्कर्षही तितकाच चुकीचा आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा : पैसा कोण देणार? प्राचीन स्मारकांचा १९५८ चा केंद्रीय कायदा शंभर वर्षांहून जुन्या वास्तूंना संरक्षण देऊ शकतो, पण त्याची आणि राज्यांच्या तशाच कायद्यांची नजर किल्ले, मंदिरे, मशिदी आणि थडगी यांच्यावर असते. भाऊबंदकीत अडकलेला खासगी वाडा त्यांच्या यादीत येणे दुर्मीळ. ब्रिटनमध्ये १९३७ च्या कायद्याने घराण्यांना आपले घर ट्रस्टला देऊन त्यातच राहण्याची सोय झाली. तशी वाट येथे नाही. परिणामी एकच बाजार जोरात चालतो, तो सुटे खांब, दरवाजे आणि तुळया विकत घेणाऱ्यांचा. नक्षीचा खांब शहरातल्या उपाहारगृहात जातो आणि त्यालाच जतन म्हटले जाते. तो खांब कोणत्या सदरेचा, किती खणांतला, हे सुटले की त्याची किंमत लाकडाच्या किमतीएवढीच उरते.

८. मग जपायचे काय?

सगळे वाडे वाचणार नाहीत आणि वाचवण्याचा हट्टही धरू नये. एखाद-दुसरा, ज्याची ढेळज, सदर, दफ्तर, बळद आणि माळवद ही साखळी अजून अखंड आहे, तो इमारत म्हणून राखावा. बाकीच्यांचे मोजमाप व्हावे, नकाशे काढले जावेत आणि रुमालांतले कागद वाळवीच्या आधी छायाचित्रांत यावेत. हे काम दोन राज्यांच्या सरकारी खात्यांची वाट पाहत बसण्याचे नाही. उदगीर, भालकी, बिदर येथील महाविद्यालयांचे इतिहासाचे आणि स्थापत्याचे विद्यार्थी एका उन्हाळ्यात एका तालुक्याचे मोजमाप करू शकतात. त्यासाठी लागतात टेप, वही, मोडी वाचणारा एक माणूस आणि घरमालकाची परवानगी.

त्या वहीत मालकाच्या वंशावळीच्या आधी दोन साक्षी नोंदवल्या जाव्यात : माळवदावर माती वाहिलेल्या वृद्धांची, आणि बळदाच्या खालच्या भोकातून रोजचे धान्य काढलेल्या वृद्ध स्त्रियांची. १९५० च्या आसपास जे दहा-बारा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. कमलनगर परिसरातील शिक्षकांनी, प्राध्यापकांनी आणि वाड्यांच्या वारसांनी हे काम येत्या उन्हाळ्यातच हाती घ्यावे.